चांद्याच्या गाडीचा शेवट

पंचवटीत भाजीबाजाराकडून देवळांकडे वळलं की एका बोळात झुंबर बच्छावचं तसबिरींचं दुकान आहे. दुकान म्हणजे तरी काय, एक गिऱ्हाईक आत शिरलं की दुसऱ्यानं पायरीवर थांबायचं, एवढीशी जागा. भिंतींवर मात्र देवांची अशी दाटी, की एकानं कूस बदलली तर शेजारच्याला धक्का लागावा. या सगळ्या देवांच्या मधोमध, जिथं शहाणा दुकानदार गणपती लावील तिथं, झुंबरनं एक बैलगाडी लावली होती. आभाळात उडणारी. खाली निळे डोंगर, वर हा थोरला चंद्र, आणि छकड्याला जुंपलेला एकच बैल, कपाळावर पांढरी कोर असलेला.

"हा कुठला देव हो?" एखादी बाई विचारायची.

"हा माझा," झुंबर म्हणायचा, आणि मग तासभर त्या बाईची सुटका नसायची.

ते 'चांद्याची गाडी' या सिनेमाचं पोस्टर होतं. तुम्हाला तो सिनेमा आठवत नसेल. त्यात तुमचा काही दोष नाही, कोणालाच आठवत नाही. एक पोरगा, एक बैल, चार गाणी, आणि नाव घ्यावं असं एकही तोंड नाही. शहरात तो आठवडाभर टिकला नसेल. पण टूरिंग टॉकीजवाल्यांनी तो उचलला आणि जत्रांच्या तंबूंतून वर्षानुवर्षं फिरवला. झुंबरनं तो आयुष्यात एकदाच पाहिला, सातव्या वर्षी. आता चौपन्न चालू आहे. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत त्यानं लग्न केलं, मुलगी उजवली, डोक्यावरचे केस घालवले, पण ती गाडी काही त्याच्या डोक्यातून उतरली नाही.

आता हे वेड लागलं कसं, ते ऐका.

झुंबरचं गाव बागलाणात, सटाण्याच्या पुढं, आरम नदीच्या काठाला. घरात आधीची दोन मुलं जगली नव्हती, म्हणून थोरल्या बहिणीच्या, यशोदेच्या, पाठीवर हा झाला तेव्हा आईनं नवस बोलून याला दृष्ट लागू नये म्हणून मुलीसारखं नटवलं. यशोदेच्या पायातलं एक पैंजण काढलं आणि याच्या पायात घातलं. एक तिच्या पायात, एक याच्या. दोघं भावंडं अंगणातून पळायला लागली की बाप म्हणायचा, "जोड निघाली बघा." यशोदा याच्याहून पाच वर्षांनी मोठी. हा तिला अक्का म्हणायचा आणि तिच्या मागं मागं करायचा. अक्का नसली की मग पाखऱ्याच्या मागं. पाखऱ्या म्हणजे घरचा बैल. हे पोर त्याच्या पुढ्यात बसून भाकरी खायचं, अर्धी आपण, अर्धी त्याला.

त्या साली जत्रेच्या तोंडावर पाखऱ्या गेला. संध्याकाळी पाय घासायला लागला आणि सकाळी संपला. मोठ्या माणसांनी पोरं उठायच्या आत त्याला ओढून नेला आणि झुंबरला सांगितलं, "पाखऱ्या मामाच्या गावाला गेलाय, पेरणीला." पोर बारकं असलं तरी डोळे होते त्याला. मामाच्या गावाला गेलेल्या बैलाचं दावं खुंट्याला कसं राहील? पण ते काही बोललं नाही. रडलंही नाही. फक्त जेवायचं बंद झालं. अक्का ताटली घेऊन मागं फिरायची, "जेवी ले रे भो, जेवी ले," म्हणायची आणि हा तोंड फिरवायचा. असे चार दिवस. आईनं दृष्ट काढली, बापानं दटावून पाहिलं, पण पोर आपलं रिकाम्या खुंट्यापाशी बसलेलं.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला अक्कानं त्याला पाठुंगळी घेतलं आणि जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत नेलं.

तो तंबू झुंबर अजून डोळे मिटले की बघतो. खाली मातीवर बसलेलं गाव. वाऱ्यानं फुगणारा पांढरा पडदा, त्यामुळं पडद्यावरची झाडंही हलायची, घरंही हलायची. आणि तंबूचं वरचं कापड एका जागी फाटलेलं, तिथून खऱ्या चांदण्या दिसायच्या. सिनेमातल्या पोराचा चांद्या बैल आजारी पडतो. झुंबरनं अक्काचा हात घट्ट धरला. पोराला ताप येतो. आणि मग अर्ध्या रात्री चांद्या आपोआप उठतो, आपणच छकड्याला जाऊन उभा राहतो, पोरगं गाडीत बसतं आणि गाडी जमिनीवरून सुटते. आधी वीतभर. मग कौलांवरून. मग नदीवरून, डोंगरावरून, चंद्राच्या शेजारून. वाऱ्यानं पडदा फुगला तशी गाडी खरोखरच हेलकावे खायला लागली. बायकांनी तोंडाला पदर लावले. गाडी लहान लहान होत गेली, तिचा एक ठिपका झाला, आणि तंबूत काळोख झाला. त्या काळोखात झुंबरनं मान वर केली. फाटक्या कापडातून चांदण्या दिसत होत्या. त्याला वाटलं, गाडी इथूनच बाहेर गेली. पाखऱ्यापण असाच गेला. मामाच्या गावाला नव्हे, इथून.

तंबूच्या बाहेर आल्यावर त्यानं अक्कापुढं हात केला आणि म्हणाला, "भाकर दे."

तर असं होतं ते सगळं. ज्यानं पोटात पुन्हा अन्न घातलं, तो सिनेमा माणूस विसरेल कसा?

मोठेपणी झुंबर नाशकात आला, फ्रेमवाल्याकडं हाताखाली राहिला आणि पुढं तेच दुकान त्यानं चालवायला घेतलं. या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. तसबिरीच्या पुढं देव असतो, पण मागं काय असतं ते फक्त फ्रेमवाल्याला कळतं. चित्र आणि मागचा पुठ्ठा यांच्यामध्ये काहीतरी भरावं लागतं, नाहीतर चित्र काचेला नीट टेकत नाही. जुने लोक हाताला लागेल ते भरायचे. वर्तमानपत्र, कॅलेंडर, कापडाच्या दुकानाचं वेष्टण आणि सिनेमाची पोस्टरं, कारण त्यांचा कागद जाड. वीसएक वर्षांपूर्वी एक आजी काच तडकलेली दत्ताची तसबीर घेऊन आल्या. झुंबरनं खिळे उपटले, पुठ्ठा काढला आणि घडीचा कागद उलगडला, तर आतून गाडी निघाली. चंद्रासकट. झुंबर मटकन स्टुलावर बसला.

"काय झालं रे बाबा, चक्कर आली का?" आजी घाबरल्या.

"नाही आजी," तो म्हणाला, "आमचा बैल सापडला."

त्या दिवसापासून जो नाद लागला तो लागला. दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक जुन्या तसबिरीची पाठ तो अशी उघडायचा, की जणू आत पत्र असणार. रद्दीवाले, जुन्या बाजारातले, बंद पडलेल्या थिएटरचे डोअरकीपर, सगळे त्याच्या ओळखीचे झाले. मिळालं किती? म्हणाल तर काहीच नाही, म्हणाल तर खजिना. थिएटरच्या बाहेर लावायचे तीन फोटो. मध्यंतरात दाखवायची काचेची एक स्लाइड, कोपरा उडालेली. एक काडेपेटी, तिच्यावर चांद्याचं तोंड. आणि गाण्यांचं चार पानी पुस्तक, मागं जांभळा शिक्का असलेलं: गोदा टूरिंग टॉकीज, पिंपळगाव बसवंत. पोस्टर मात्र एकच. दुसरं कुठंही कुणाकडं निघालं नाही.

बायको उज्वला हे सगळं कपाटात नीट ठेवायची आणि तोंडानं बोलायचीही. "घरात माणसं दोन आणि सांभाळायचा एक बैल," म्हणायची. पण तिच्या बोलण्यात माया होती. खुपायची ती अक्का. यशोदाअक्का लग्न होऊन सटाण्यातच दिली होती. झुंबर दिवाळीला गेला, नवं काही सापडल्याचं सांगायला लागला, 'आणि शेवटी ती गाडी कशी उडाली गं अक्का' इथपर्यंत आला, की अक्का हटकून उठायची. दूध उतू जातंय, कोंबडी आत शिरली, काही ना काही. दरवेळी. ज्या माणसाबरोबर तो सिनेमा पाहिला त्याच माणसाला त्याची गोडी नसावी, याचं झुंबरला फार वाईट वाटायचं. बोलला नाही कधी, पण आत सल होता.

पुढं मोबाइल आला आणि 'जुना पडदा' नावाच्या एका ग्रुपात झुंबरचा शिरकाव झाला. गावोगावचे असलेच वेडे. तिथं त्यानं पोस्टरचा फोटो टाकला तेव्हा वाहवा झाली. मग त्यानं गाडी उडून सिनेमा कसा संपतो ते लिहिलं आणि कोल्हापूरचे शेखर म्हणून एक प्राध्यापक होते, त्यांनी खाली उत्तर दिलं: "काका, थोडी गफलत होतेय. गाडी उडते ते त्या मुलाचं तापातलं स्वप्न असतं. सकाळी तो जागा होतो तेव्हा चांद्या मेलेला असतो. मी लहानपणी थिएटरात पाहिलाय."

झुंबरच्या अंगाची लाही लाही झाली. एक तर हा माणूस इतका गोड बोलत होता, की भांडताही येईना. झुंबरनं गावाकडं फोन लावले. त्याच्या वयाच्या दहा-बारा जणांना विचारलं, ताहाराबादला, नामपूरला, देवळ्याला. सगळ्यांचं एकच: गाडी उडते, खलास. त्यानं तसं लिहिलं. पोस्टर पुरावा म्हणून पुन्हा टाकलं. शेखररावांनी लिहिलं, "काका, पोस्टरवर शेवट छापत नसतात." त्यावर ग्रुपात हसरी तोंडं उमटली, एक, दोन, चौदा. कुणीतरी लिहिलं, "बागलाणात बैल उडतात वाटतं!" ते वाचलं आणि झुंबरचा तोल गेला. त्यानं लिहून टाकलं: "शेवटचं रीळ शोधून आणीन. गाडी उडून सिनेमा संपत नसेल, तर हे पोस्टर शेखररावांचं."

"तुमच्या जिभेला काही हाड?" उज्वला म्हणाली. "एवढं एकच पोस्टर आहे तुमच्याकडं."

"माझंच आहे आणि माझंच राहणार. मी डोळ्यांनी पाहिलंय."

पण उज्वला भाजी चिरायला आत गेल्यावर तो पोस्टरपुढं बराच वेळ उभा राहिला. त्याला भीती पोस्टरची नव्हती. गाडी उडाली नसेल, तर पाखऱ्या कुठं गेला, ही होती. चौपन्न वर्षांच्या माणसानं असा विचार करू नये हे त्यालाही कळत होतं. कळून उपयोग काय!

शोध लागला तोही तसबिरीच्याच निमित्तानं. माघ महिन्यात पिंपळगावहून एक गिऱ्हाईक आलं, वडिलांचा फोटो मढवायला. झुंबरनं सवयीनं त्याला गाण्यांच्या पुस्तकावरचा शिक्का दाखवला. तो म्हणाला, "गोदा टॉकीज? त्याचे ऑपरेटर गेणूबाबा अजून हायेत की. पोरगा दत्तू आमच्या कोल्ड स्टोरेजला मशीन सांभाळतो. बाबा तिथंच बसून असतात."

झुंबरनं दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. हायवेच्या कडेला टेम्पोंची रांग, आत लांबलचक टेबलांवर ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात बायका कात्रीनं घडातले बारके मणी काढत होत्या. कोपऱ्यात पालथ्या क्रेटवर पंच्याऐंशीचे गेणूबाबा कानटोपी घालून बसले होते. 'चांद्याची गाडी' म्हटल्याबरोबर म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"त्याची बाकीची रिळं गेली बांगडीवाल्याला, फिलम वितळवून बांगड्या कराया," ते म्हणाले. "मालकानं टॉकीज मोडली तवा सगळी पेटीच्या पेटी दिली. पर शेवटचं रीळ हाय माझ्यापाशी. ते पेटीत कधी नसायचंच. येगळं घरी राह्यचं, म्हणून राह्यलं. दत्तूनं थंडीत ठिवलंय, तितं लय टिकतं म्हणे."

"शेवटचं?" झुंबर पुढं सरकला. "गाडी उडायचं?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं जरा चमकून पाहिलं. "बघा की तुमीच," म्हणाले.

दत्तूनं आतून पत्र्याचा डबा आणला. हातात धरवेना इतका गार, बाहेर येताच त्याला घाम फुटला. "लगेच उघडू नका," दत्तू म्हणाला. "तासभर राहू द्या, नाहीतर आत दव धरतं." तो तास झुंबरला कसा गेला विचारू नका. डबा समोर, आणि आतमध्ये त्याची गाडी, चंद्र, फाटक्या तंबूतलं आभाळ. बायकांच्या कात्र्या कचकच चालल्या होत्या, द्राक्षांचा गोड वास भरून राहिला होता, आणि झुंबरला पाठुंगळी बसल्यासारखं हलकं वाटत होतं. जिंकलो, असं तो मनात म्हणाला. त्यानं शेखररावांना काय लिहायचं तेही जुळवून ठेवलं.

डबा उघडला. थोडा आंबूस वास आला. गेणूबाबांच्या बोटांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पट्टी अलगद सोडवली आणि ट्यूबलाइटपुढं धरली. रंग कालच भरल्यासारखे होते. झुंबरनं चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक चौकट बघायला लागला. पहाट. घोंगडीतून उठणारं पोरगं. अंगण. गोठ्याचं दार. छकडा जागच्या जागी, जू खाली टेकलेलं. आणि मग चांद्या. आडवा पडलेला, पाय ताठ, कपाळावरची कोर मातीत. पुढच्या चौकटीत तेच. त्याच्या पुढच्या चौकटीत तेच. पोरगं त्याच्या मानेवर डोकं ठेवून पडलेलं, आणि त्याच्या कितीतरी चौकटी.

झुंबरनं पट्टी खाली ठेवली.

"हे आमच्या गावात का नाही दाखवलंत तुम्ही?" तो एकदम आवाज चढवून म्हणाला. टेबलावरच्या दोघीतिघींनी मान वळवली. "सत्तेचाळीस वर्षं मी खोटं घेऊन फिरलो! लोक हसले मला!"

"कोन गाव तुमचं?"

झुंबरनं गाव सांगितलं. म्हाताऱ्यानं कानटोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"मंग तुमच्याच गावची चाल हाय ना ती," ते म्हणाले. "मला काय इचारता? तुमच्या बागलाणात देवाच्या जत्रंत मेलेला बैल दाखवत नाय. दाखवला तर गावकरी तंबूच्या दोऱ्या कापत्यात."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"त्याच गावच्या पोरीनं. पहिल्या दिवशी मी अख्खा सिनेमा दाखवला व्हता, तवा ती मैतरणींसंगं येऊन बघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीन पुसत बसलो तर ही आली. डोईला दोन येण्या, एवढीशी. कमरंवर हात ठिऊन म्हणती कशी, काल तुमी फार चुकीचं केलं. आमच्याकडं ही चाल हाय. गावात बोलणं चाललंय. आज शेवटचं रीळ लावलं तर दोऱ्या कापतील." म्हातारा हसला. "माझं तर पाणी पाणी झालं. कुणाला इचारावं, तर काल आपणच दाखवलेला! कबूल कोन करणार? गप बसलो. त्या दिवसापास्नं बागलाणात ते रीळ लावलंच नाय. घरीच ठिऊन जायचो. मंग ध्यानात आलं, ते नसलं की लोक हसत घरी जात्यात, दुसऱ्या दिवशी परत येत्यात. मंग कुठंच लावलं नाय."

"अशी कुठलीही चाल नाही बाबा आमच्याकडं," झुंबर हळूच म्हणाला.

"नाय?" म्हातारा बघत राहिला. "आरं तिच्या! मंग त्या पोरीनं... पर लय ठाम बोलली रं. अजून ध्यानात हाय, कारण ती चालायची तवा एक पाऊल वाजायचं, एक नाय. छुम, आणि मंग काय नाय. छुम, आणि मंग काय नाय. एकाच पायात पैंजण व्हतं तिच्या."

झुंबर खाली वाकला. त्यानं उगाच आपल्या डाव्या पायाचा घोटा चाचपला, जिथं सत्तेचाळीस वर्षांपूर्वी दुसरं पैंजण असायचं. मग तो तिथंच, त्या सगळ्या बायकांसमोर, ढसाढसा रडला. पाखऱ्यासाठी तेव्हा राहिलं होतं, तेही रडून घेतलं.

रीळ गेणूबाबांनी त्यालाच दिलं. "ने," म्हणाले. "दाखवायला आता कोन हाय मला."

हायवेवर उभं राहून झुंबरनं ग्रुपात लिहिलं: "शेखरराव, तुम्ही म्हणता ते खरं. शेवटी चांद्या मरतो. रीळ पाहिलं. पोस्टर उद्या फ्रेमसकट पाठवतो. काचेला जपा." आणि नाशिकची गाडी समोर आलेली सोडून तो सटाण्याच्या एसटीत बसला. सोग्रस फाटा गेला, भावडबारीचा घाट गेला. खिडकीतून ऊन येत होतं, मांडीवरचा डबा आता कोमट झाला होता. पोस्टर जाणार म्हणून काळीज तुटायला हवं होतं. पण त्याच्या कानात नुसतं छुम वाजत होतं, आणि मग काही नाही, आणि मग पुन्हा छुम. एसटी डोंगरावरून उतरत होती की तरंगत होती, कोण जाणे.

अक्का कांद्याच्या चाळीपुढं सावलीत बसून कांद्याची पात कापत होती. साठीची बाई, केस पांढरे, पण मानेचा ताठा तोच. अवेळी आलेल्या भावाला बघून ती चपापली.

"काय रे, असा कसा एकाएकी उना? घरमा सगळं बरं शे ना?"

"बरं आहे," झुंबर म्हणाला आणि डबा तिच्या पुढ्यात ठेवला. "गेणू ऑपरेटर भेटले. आपल्या गावात जत्रेत मेलेला बैल दाखवत नाहीत, असं सांगत होते. दोऱ्या कापतात म्हणे."

अक्काचा विळा थांबला. तिनं सवयीनं चाळीकडं बघितलं, उठायला काहीतरी निमित्त सापडतंय का म्हणून. दूध नव्हतं, कोंबडी नव्हती.

"तो मेला ऑपरेटर जित्ता शे अजून?" ती म्हणाली, आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "काय करू मंग रे भो? चार रोज तुना पोटमा कण नव्हता. आई म्हणे, सिनेमा दाखवी आण, पोर बोलंल. आणि मी तर पहिल्या दिवशीच पाहिलेला. तुला मी पुन्हा बैल मरताना दाखवू?"

"मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर गाडी खाली उतरली असती." ती हातातल्या कांद्याकडं बघत म्हणाली. "तू असा आनंदानं सांगे, अक्का गाडी उडनी, गाडी उडनी. मला तुझ्या तोंडाकडं बघवत नसे. तोंडातून काही निसटलं असतं तर? म्हणून उठी जाऊ."

झुंबरला म्हणायचं होतं, की वीस वर्षं मी तसबिरी उघडून जे शोधत होतो, ते तुझ्याकडं होतं. पण भावाबहिणींत असलं बोलायची कुठं पद्धत असते. तो एवढंच म्हणाला, "पोस्टर गेलं, अक्का. पैज हरलो."

"जाऊ दे. तेवढ्यानं काय होतंय."

"तू एकदाच पाहिलंस ना हे? ये, दोघं मिळून बघू. आता मी काही रडणार नाही." त्यानं डब्यातून रिळाचं टोक सोडवलं, सावलीबाहेरच्या उन्हाकडं पट्टी धरली, आणि चष्मा कपाळावर चढवला. पहाट दिसली, घोंगडीतलं पोरगं दिसलं, अंगण दिसलं. तो गोठ्याच्या दारापर्यंत आला असेल नसेल, तोच मागून एक हात आला आणि त्याच्या डोळ्यांवर बसला. खरखरीत, कांद्याच्या वासाचा.

"पहिले जेवी ले," अक्का म्हणाली.

झुंबरनं तसंच, डोळे न उघडता, रीळ खाली ठेवलं आणि भाकरीसाठी हात पुढं केला.